स्वप्न सांगावे कोणाला, मानावे किती?

पहाटेचे स्वप्न खरे ठरते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. स्वप्नात एखादी दैवी खूण दिसली, तर ती कधी एकदा कोणाला सांगतो असे माणसाला होऊन जाते; आणि ऐकणारेही जमतात. पण अशा स्वप्नाचा दुसऱ्यावर अधिकार किती? या प्रश्नाचा इस्लामी परंपरेने फार बारकाईने विचार केलेला आहे. आज आपण तोच पाहू.

पैगंबर महंमद यांच्या उक्ती व आचरण यांच्या परंपरेने आलेल्या नोंदींना हदीस म्हणतात. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले ईश्वराकडून येणारे शुभ स्वप्न. दुसरे सैतानाने घाबरवण्यासाठी दाखवलेले. आणि तिसरे मनी वसे ते स्वप्नी दिसे, अशा जातीचे. शुभ स्वप्न आपल्यावर माया करणाऱ्यालाच सांगावे. वाईट स्वप्न पडल्यास ईश्वराचा आश्रय मागावा, कूस बदलावी आणि ते कोणालाही सांगू नये.

कुराणातील १२ वा अध्याय यूसुफ यांचा आहे. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्याला नमन करीत आहेत, असे स्वप्न बालपणी त्यांना पडले. त्यांनी ते वडिलांना, याकूब यांना सांगितले. वडिलांचा पहिला सल्ला काय? हे भावांना सांगू नकोस. त्यांच्या मनात कपट येईल. स्वप्न खरे होते, तरीही ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. शुभ स्वप्न हा पैगंबरीचा ४६ वा अंश आहे, असे हदीस म्हणते. परंतु अंश म्हणजे पूर्ण वस्तू नव्हे. महंमद हे शेवटचे पैगंबर, ही इस्लामची मूलभूत श्रद्धा आहे. म्हणून स्वप्नाने दिलासा मिळेल, सावधगिरीची सूचना मिळेल. नवा धर्मनियम मात्र मिळणार नाही.

येथे कोणी विचारील, की अजान तर स्वप्नातूनच आली ना? होय. मदिनेत प्रार्थनेला लोकांना कसे बोलवावे याचा विचार चालू असता अब्दुल्ला इब्न झैद यांना ते शब्द स्वप्नात ऐकू आले. पैगंबरांनी ते स्वप्न खरे मानले आणि ते शब्द बिलाल यांना शिकविण्यास सांगितले. उमर यांनीही आपण तसेच पाहिल्याचे सांगितले. पण अजान धर्माचा भाग झाली ती पैगंबरांच्या मान्यतेने, केवळ स्वप्नाने नव्हे. इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले. त्यानंतर तशी मान्यता देणारे कोणी उरले नाही.

सैतान पैगंबरांचे रूप घेऊ शकत नाही, असेही हदीस सांगते. मग स्वप्नात खुद्द पैगंबरांनीच आज्ञा केली तर? तेराव्या शतकातील सीरियाचे धर्मशास्त्रज्ञ नववी यांनी एक उदाहरण घेतले आहे. शाबान महिन्याच्या तिसाव्या रात्री चंद्रकोर दिसलेली नाही. परंतु एकाला स्वप्नात पैगंबरांनी ‘उद्या रमजान’ असे सांगितले. तरी त्यावरून उपवास बंधनकारक होत नाही. दर्शनाविषयी शंका नाही. पण झोपलेल्या माणसाने ऐकलेले जसेच्या तसे लक्षात ठेवले याची खात्री कोण देणार? साक्षीदार जागा असावा लागतो!

आणि न पडलेले स्वप्न सांगणाऱ्याचे काय? त्याला परलोकात जवाच्या दोन दाण्यांची गाठ मारायला सांगितली जाईल, असे हदीसमध्ये आहे. ती गाठ कधीच बसणार नाही.

या मर्यादांमागे मोठे शहाणपण आहे. स्वप्नाला दुसरा साक्षीदार नसतो. त्याला आज्ञेचे बळ दिले, तर धूर्ताच्या हाती भोळ्यांची मने, त्यांचा पैसा आणि संसारही जातील. उलट स्वप्न अगदीच नाकारले, तर दुःखी माणसाचा एक आधार तुटेल. म्हणून ‘मला असे दिसले’ एवढे आपल्या माणसाला खुशाल सांगावे. ‘म्हणून तुम्ही असे करा’ हे पुढचे वाक्य मात्र उच्चारू नये.