घोरणे आणि रक्तातील साखर

मधुमेहाचा रोगी गोड सोडतो, भात मोजून खातो, औषध वेळेवर घेतो. आणि तरीही सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर चढलेलीच आढळते. मग घरची मंडळी त्याच्या पथ्यावर संशय घेतात. पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु एक साक्षीदार असा आहे, की ज्याला कोणी विचारीत नाही. तो म्हणजे रोग्याच्या शेजारी निजणारे माणूस.

त्याला ठाऊक असते, की मोठ्याने चाललेले घोरणे मध्येच एकाएकी थांबते आणि थोड्या वेळाने आचका बसून पुन्हा सुरू होते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, म्हणून असे होते. यास निद्राश्वासरोध म्हणू या. निदान १० सेकंद टिकलेला अडथळा वैद्य मोजतात. तासाला ३० वा अधिक अडथळे म्हणजे विकार तीव्र. स्थूल माणसांत तो अधिक, पण सडपातळ माणसे त्यातून सुटलेली नाहीत.

साखरेचा येथे संबंध काय? रक्तातला प्राणवायू घटला, की शरीर त्याला संकट समजते. अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात, यकृत साखर रक्तात सोडते, आणि स्नायू इन्शुलिनला पूर्वीसारखे जुमानीत नाहीत. वाघापुढून पळणाऱ्याला ही साखर कामाची. अंथरुणावर पडलेल्याने तिचे काय करावे? शिवाय झोप रात्रभर तुटते, आणि झोपमोडीनेही इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो.

सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्याने श्वास सुधारतो, दिवसाची पेंग जाते. मात्र साखर उतरते की नाही, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. एक कारण मला पटण्याजोगे वाटते. पुष्कळ रोगी उत्तररात्री मुखवटा काढून ठेवतात, आणि स्वप्नांची झोप, जीत घसा सर्वाधिक सैलावतो, ती मुख्यतः पहाटेकडेच येते. वजन उतरविल्याने मात्र दोन्ही विकारांना उतार पडतो, हे निश्चित.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००८ मध्येच सुचविले, की यांपैकी एक विकार असलेल्याची दुसऱ्यासाठीही विचारपूस व्हावी. तेव्हा, श्रोतेहो, पुढील खेपेस डॉक्टरांकडे जाताना शेजारी निजणाऱ्यालाही बरोबर न्यावे. औषधाची मात्रा मात्र आपल्याच मनाने बदलू नये.