तुतारी, ट्रम्पेट आणि तीन व्हॉल्व्ह

लग्नातली तुतारी आणि जर्मन ऑर्केस्ट्रातला ट्रम्पेट, दोन्हींत आवाजाची सुरुवात पितळात नाही, वाजवणाऱ्याच्या ओठांत होते. फुंकल्यावर ओठ थरथरतात आणि नळीतली हवा त्यांना ठरावीक स्वरांवर खेचते. नळीची लांबी बदलता येत नसेल तर मोजकेच स्वर मिळतात. म्हणून तुतारीवर ललकारी जमते, अख्खा राग नाही. बेथोवेनच्या सिम्फनींतले ट्रम्पेटही असेच होते. ट्रॉम्बोनची नळी सरकायची, त्यामुळे त्याला ही अडचण नव्हती. मग १८१८ मध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. व्हॉल्व्ह दाबला की हवा जास्तीच्या नळीतून फिरते आणि स्वर उतरतो. पुढे तीन व्हॉल्व्ह रूढ झाले आणि बाराही स्वर हाती आले. कॉन्सर्टला गेलात तर बघा: बोटं फक्त लांबी ठरवतात, त्या लांबीतला नेमका स्वर ओठच निवडतात.