बाइटांचे माप

एका प्रवेशअर्जावर सूचना होती : छायाचित्र २ एमबीहून मोठे नसावे. माझ्या विद्यार्थिनीच्या छायाचित्रापुढे पडद्यावर १.९६ एमबी असा आकडा दिसत होता; तरीही ‘छायाचित्र मोठे आहे’ म्हणून अर्ज पुनःपुन्हा नाकारला जाई. मुदतीचा तो अखेरचा दिवस. मुलगी रडकुंडीला आली.

दोष तिचा नव्हता. संगणक फाइलीचा आकार बाइटांत मोजतो, आणि त्या फाइलीत २०,५०,००० बाइट होते. एवढी संख्या चटकन उमगत नाही, म्हणून आज्ञावली तिला भागून केबी, एमबी अशा एककांत मांडते. भागावयाचे कितीने, येथेच घोटाळा! दशमान पद्धतीत केबी म्हणजे १००० बाइट. संगणकाच्या जुन्या वहिवाटीत १०२४. दोनदा १०२४ ने भागा, १.९६ येतात, दोनदा हजाराने भागा, २.०५. त्या संकेतस्थळाने दाखविताना एक भाजक घेतला, तपासताना दुसरा.

१०२४ च्या मापांना आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली किबिबाइट, मेबिबाइट अशी निराळी नावे दिली. ती कानाला चमत्कारिक लागतात खरी. विंडोज तर अद्यापि १०२४ नेच भागून एमबी लिहिते.

आज्ञावली लिहिणाऱ्याला आणखीही चकवे आहेत. योग्य एकक निवडण्यासाठी लॉगॅरिथम काढला, तर रिकाम्या फाइलीपाशी गाडे अडते. शून्याला लॉगॅरिथम नसतोच. आणि १०,४८,५७५ बाइटांची फाइल एका दशांश स्थळापर्यंत मांडली, तर १ एमबीऐवजी ‘१०२४.० केबी’ असे उमटते.

छायाचित्राच्या कडा थोड्या कापल्या, तेव्हा कोठे तो अर्ज गेला.