सह्या कुणाच्या? आधी कागद पाहू

विश्रांतवाडीहून येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. आमच्या शाळेतली बरीच मुलं त्याच बाजूनं येतात. तिथं झालेला पुणे करार शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहीत आले : ‘24 सप्टेंबर 1932 रोजी गांधीजी व डॉ. आंबेडकर यांनी करारावर सह्या केल्या.’ मुलं ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि मी पूर्ण गुण देत असे.

शाळेला प्रोजेक्टर मिळाला तेव्हा वाटलं, मूळ कागदच दाखवू. सह्यांच्या यादीसह कराराचा मजकूर मी शोधून काढला आणि पडद्यावर लावला. दोन मिनिटांत मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘बाई, यात गांधीजींची सही कुठंय?’’

खरोखरच नव्हती! बाबासाहेबांची होती, पंडित मालवीयांची होती, राजगोपालाचारींची होती. गांधी आडनाव होतं, पण ते चिरंजीव देवदास यांचं. गांधीजी तेव्हा उपोषण करत होते. करार त्यांच्या संमतीनं झाला, पण सही त्यांची नाही. आणखी खाली नाव होतं ‘पी. बाळू’. हे पळवणकर बाळू, म्हणजे 1911 साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातले फिरकी गोलंदाज. क्रिकेट म्हटल्यावर वर्ग असा जागा झाला, की शिपाई डोकावून गेले.

मग कलमं वाचली. एक मुलगा म्हणाला, ‘‘आमच्याकडे म्हणतात, करारात राखीव जागा दहाच वर्षं होत्या.’’ दुसऱ्याच्या घरी नेमकं उलटं सांगतात. पूर्वी मी असा वाद ‘पुरे आता’ म्हणून थांबवला असता. त्या दिवशी म्हटलं, कलम पाहा. दहा वर्षांची मुदत आहे ती प्राथमिक निवडणुकीला, म्हणजे अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे त्या पद्धतीला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या 148 राखीव जागा मात्र संबंधित समाजांच्या परस्पर संमतीनं वेगळं ठरेपर्यंत चालू राहायच्या होत्या. दोघंही गप्प झाले. (आजच्या राखीव जागा राज्यघटनेनुसार आहेत, करारानुसार नाहीत, हेही तेव्हाच सांगून टाकलं.)

हे सारं घरबसल्या, फुकट मिळतं. महाराष्ट्र शासनानं प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड इंटरनेटवर आहेत. नवव्या खंडात त्यांचं 1945 चं पुस्तक आहे. त्यात कराराची कलमं आहेत आणि त्यावरची त्यांची कडक टीकाही. ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे खंड आहेत. 18 ऑगस्ट 1932 ला त्यांनी तुरुंगातून ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांना लिहिलेलं पत्र तिथं वाचता येतं. दोन्ही शेजारी ठेवावं. एकच वाचून दाखवणं म्हणजे एकाच पक्षकाराचा वकील बोलावण्यासारखं आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ 2015 पासून आहे. तिथं सरकारी फायली सापडतात.

अडचणी आहेतच. बहुतेक मजकूर इंग्रजीत. मी आदल्या रात्री एकेका कलमाचं मराठी करून नेते. येरवडा हे नाव इंग्रजांनी तीन-चार तऱ्हांनी लिहिलंय, तेव्हा एका स्पेलिंगनं काही मिळालं नाही तर दुसरं घालून पाहावं. आणि पूर्ण दस्तऐवज वर्गात कधीही नेऊ नये. दहा ओळी पुष्कळ झाल्या.

माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी तुकड्यांना मात्र ते जुनंच वाक्य पाठ आहे. त्यातला एक आता रिक्षा चालवतो. परवा त्याच्याच रिक्षातून घरी येताना त्याला हे सांगितलं. तुरुंगाच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, ‘‘मग बाई, माझे गुण आता परत घेणार का?’’