नगरच्या किल्ल्यातला बिनदुधाचा चहा

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो की आधी चहा. आलं ठेचलेलं, दूध आटेस्तोवर उकळलेलं, साखरेला हात सैल. हा ग्लास मौलाना अबुल कलाम आझादांपुढे ठेवला असता तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, हे आठवून मला दरवेळी हसू येतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये मौलानांसह काँग्रेसच्या पुढाऱ्यांना आपल्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडलं. नेहरूंनी इथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरच्या पोराटोरांनाही ठाऊक. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’चं नाव मात्र शंभरात एखाद्याला माहीत. किल्ला लष्कराच्या ताब्यात. मी तिथं तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा सोबतच्यांनी नेहरूंचीच खोली विचारली.

‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे आझादांनी मित्र हबीबुर्रहमान शेरवानींच्या नावे लिहिलेली, तुरुंगातून कधीच टपालात न पडलेली पत्रं. त्यांतच त्यांचा दिनक्रम आहे: पहाटे तीन-चारला उठायचं, चमेलीचा वास असलेला चिनी चहा स्वतः करायचा, एक घोट, एक झुरका सिगारेटचा. चहात दूध घालणं हा त्यांच्या मते इंग्रजांचा अडाणीपणा, आणि आपण तर त्याचा पातळ हलवाच करून ठेवला!

पण इंग्रजांचं म्हणून सगळंच टाकणारा हा माणूस नव्हे. जन्म मक्केचा, १८८८ चा. वडील कर्मठ पीर, इंग्रजी शिक्षणाचं नाव काढायची सोय नाही. मुलानं आधुनिक शिक्षणाचा आग्रह धरणारे सर सय्यद अहमद वाचले आणि इंग्रजी गुपचूप गिरवली. कशी? फारसी, उर्दू आणि इंग्रजी बायबल शेजारी-शेजारी उघडून! मौलवी व्हायला निघालेला पोरगा बायबलवरून इंग्रजी शिकतो, यावर मी तरी फिदा आहे.

संगीताचं तर त्याहून गमतीचं. कलकत्त्याच्या पुस्तकविक्रेत्याकडे ‘राग दर्पण’ ही संगीतावरची फारसी पोथी हाती असताना डेनिसन रॉस या इंग्रज विद्वानानं त्याविषयी विचारलं. उत्तर देता येईना. ती सल लागली आणि हे सतार शिकायला बसले. वडिलांच्या घरात न शोभणारं वाद्य, आणि त्याकडे ढकलणारा साहेब! पुढे आग्र्याला चांदण्या रात्री ताजमहालापाशी सतार घेऊन बसल्याचं त्यांनीच लिहिलंय.

मौलाना असे आपले आपण बदलले; इतरत्र मुस्लिम समाजात बदल कसा आला, ती पार्श्वभूमी सांगायलाच हवी, म्हणून घाईत: तुर्कस्तानात केमाल पाशांनी १९२४ मध्ये खिलाफत मोडली, दुसऱ्या वर्षी फेज टोपीवर बंदी, १९२८ ला लिपीच बदलली. इराणच्या रझाशहांनी १९३६ मध्ये बायकांचे बुरखे हुकमानं उतरवले. आपल्याकडे समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधान भवनावर नेला, १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंबद्दल मला अपार आदर आहे. हुकमानं टोपी-बुरखा उतरवणाऱ्यांबद्दल नाही.

किल्ल्यातल्या चिमण्या राहिल्याच. खोलीत घरटी करून त्यांनी उच्छाद मांडला तेव्हा मौलाना आधी लढले, मग तहाला आले. तांदळाचे दाणे टाकून त्यांना पार तळहातापर्यंत आणलं. मग नावं ठेवली. एक शांत, आपल्यातच रमलेला, तो सूफी. दुसरा भांडकुदळ, कायम छाती काढून चिवचिवणारा. पिराच्या पोटच्या या पंडितानं त्याचं नाव ठेवलं मुल्ला.