स्त्रियांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन : कमतरता, उपचार व गैरसमज

व्यवसायाने आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध वाचनापुरता. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, त्याला कारण आमच्या घरातच घडले.

आमच्या थोरल्या बहिणीची वयाच्या अडतिसाव्या वर्षी 'पिशवी' काढली. अंगावर फार जाते, पुढे कॅन्सर होईल, असे एका खासगी दवाखान्यात सांगितले गेले आणि आठ दिवसांत ऑपरेशन उरकले. त्यानंतर ताईला एकाएकी घाम फुटू लागला, झोप उडाली, कशात गोडी वाटेना. पतीजवळ जाण्याची इच्छाही मावळली. हे ती बोलणार कोणाजवळ? तीन वर्षांनी ती आमच्या पत्नीजवळ बोलली. कोणाच्या तरी सल्ल्याने रक्त तपासले, तर टेस्टोस्टेरॉन कमी निघाले. ओळखीच्या एका व्यायामशाळेतल्या गृहस्थाने पुरुषांचे इंजेक्शन आणून देण्याची तयारीही दाखवली. तेव्हा आम्ही जुने डिस्चार्ज कार्ड शोधून काढले. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश (अंडाशय) काढल्याची नोंद त्यावर होती. ताईला ते ठाऊकच नव्हते.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, असे आपण शाळेत शिकलो. १९३५ साली ते बैलाच्या वृषणातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. परंतु स्त्रीच्या शरीरातही ते असतेच. तिचे बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते तयार करतात. पुरुषाच्या मानाने त्याचे प्रमाण दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. विशेष म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक शरीर टेस्टोस्टेरॉनपासूनच बनविते.

विशीनंतर स्त्रीचे टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरत जाते. पाळी नैसर्गिकरीत्या थांबते तेव्हा इस्ट्रोजेन एकदम खाली येते, टेस्टोस्टेरॉन मात्र तसे कोसळत नाही. दोन्ही बीजांडकोश काढल्यास मात्र ते सुमारे निम्म्यावर येते. अधिवृक्क किंवा पीयूषिका ग्रंथीचा विकार, स्टेरॉईडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणे, कॅन्सरवरील काही उपचार, यांमुळेही ते घटते.

हा प्रश्न आपल्या राज्यात दूरचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशय काढताना बीजांडकोश काढलेच जातात असे नाही. ते ठेवलेही जातात. म्हणूनच 'पिशवी काढली' एवढे कळून भागत नाही. नेमके काय काढले, हे त्या स्त्रीला माहीत असले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. रिपोर्टातील आकडा कमी आला म्हणजे स्त्रीला टेस्टोस्टेरॉन द्यावे काय? २०१९ साली अनेक देशांतील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन याविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की ज्या आकड्याच्या खाली स्त्रीला आजार आहे असे ठरवता येईल, असा आकडाच नाही. काही स्त्रियांची पातळी कमी असूनही त्यांना त्रास नसतो, तर काहींची पातळी ठीक असून त्रास असतो. शिवाय स्त्रियांमधील इतके अल्प प्रमाण नेहमीच्या तपासणीत अचूक मोजणेही कठीण जाते.

मग उपचार कोणासाठी? या निवेदनानुसार भक्कम पुरावा एकाच कारणासाठी आहे : पाळी थांबलेल्या स्त्रीची कामेच्छा मावळलेली असणे आणि त्याचे दुःख तिला स्वतःला होणे. 'स्वतःला' हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. पतीची तक्रार हे औषध देण्याचे कारण होऊ शकत नाही. थकवा जावा, हाडे बळकट व्हावीत, स्मरणशक्ती वाढावी, उत्साह यावा, यांसाठी ते द्यावे असा पुरावा मिळालेला नाही.

त्याच वर्षी ३६ चाचण्यांतील ८,४८० स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. टेस्टोस्टेरॉनने इच्छा आणि समाधान वाढते, पण वाढ माफक असते, असे दिसले. गोळ्यांच्या रूपात घेतल्यास रक्तातील चरबीवर वाईट परिणाम होतो. त्वचेवर लावण्याच्या औषधाने तसा परिणाम दिसला नाही. म्हणून मलम किंवा जेलच पसंत केले जाते. २०२० साली ऑस्ट्रेलियात खास स्त्रियांसाठीच्या मलमाला मंजुरी मिळाली. अनेक ठिकाणी असे औषध नसल्याने डॉक्टर पुरुषांच्या जेलचा सुमारे दहावा हिस्सा देतात. पुरुषाला दिवसाला ५० मिलिग्रॅम, तर स्त्रीला ५ मिलिग्रॅम, असा हा हिशोब आहे.

यावरून व्यायामशाळेतील इंजेक्शन किती घातक ठरले असते, हे सहज समजेल. मात्रा वाढली की चेहऱ्यावर मुरमे व लव येते, डोक्याचे केस विरळ होतात. आवाज घोगरा झाला तर तो पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. गर्भवती स्त्रीने तर हे औषध मुळीच घेऊ नये. पोटातील मुलीच्या वाढीवर परिणाम होतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी आपल्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय याचा विचारही करू नये. योग्य मात्रेत घेतानाही सुरुवातीला व नंतर रक्त तपासावे लागते, आणि सहा महिन्यांत गुण आला नाही तर औषध थांबवतात. दोन वर्षांपलीकडच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती अजून जमलेली नाही.

औषधाआधी आणखी काही पाहावे लागते. रक्त कमी आहे काय, थायरॉईड बिघडला आहे काय, मन उदास आहे काय, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते काय? दिवसभर राबून, घरी पुन्हा चूल आणि वर दारूची शिवीगाळ, अशा बाईची इच्छा मावळली तर दोष संप्रेरकाला देऊन कसे चालेल?

ताईला आम्ही शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहून सांगितले, की इतक्या लवकर दोन्ही बीजांडकोश गेले, तर पहिली उणीव इस्ट्रोजेनची. दुसरी अडचण नसल्यास पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ते द्यावे, कारण हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो. काही महिन्यांत ताईची झोप परतली, घाम थांबला. टेस्टोस्टेरॉन घ्यायचे का, हे बाईंनी तिलाच विचारले. "आता मला बरं वाटतंय, नको," असे ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. उद्या एखादी दुसरी भगिनी "हवे" म्हणेल, तर तेही तितकेच योग्य.

भगिनींना आमची विनंती एवढीच : ऑपरेशनपूर्वी 'बीजांडकोश काढणार का, आणि का?' हे विचारा. डिस्चार्ज कार्ड पासबुकासारखे जपून ठेवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरातील आई-मावशीचे कार्ड एकदा वाचून, त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगा. आमच्या घरी हे तीन वर्षे उशिरा झाले.