खोडदच्या संगणकांतले लॅन कार्ड

खोडदच्या दुर्बिणीवर मराठीत जे लिहून येते त्यात तबकड्या असतात, ती उभारणारे गोविंद स्वरूप असतात, पल्सार असतात. लॅन कार्ड कधीच नसते. साहजिक आहे म्हणा. पंचेचाळीस मीटर व्यासाची तबकडी सोडून संगणकाच्या पाठीमागे खोचलेली हिरवी पट्टी बघायला कोण जाणार? पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या दुर्बिणीची ताकद वाढली, त्यात तबकड्या होत्या तशाच राहिल्या. बदलले ते रिसीव्हर, त्यामागचे संगणक आणि त्या संगणकांना जोडणारे जाळे. घरी संगणक असेंबल करणाऱ्याने यातला जाळ्याचा भाग जरूर वाचावा, कारण खोडदला जी अडचण मोठ्या प्रमाणावर आली तीच त्याच्या टेबलावर लहान प्रमाणावर येते.

आधी थोडी मांडणी. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण. एकूण ३० अँटेना. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, जुन्नर-आंबेगावच्या शिवारात पांगलेल्या. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर. प्रत्येक अँटेनाचा संकेत जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक अँटेनाचा उरलेल्या प्रत्येकीशी मेळ घातला जातो. ३० अँटेनांच्या अशा जोड्या होतात ४३५. हा मेळ घालणारे यंत्र म्हणजे कोरिलेटर. तो चुकला किंवा थांबला, तर बाहेरच्या तीस तबकड्या नुसत्या उभ्या आहेत असे समजावे.

२००२ साली दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली, तेव्हा कोरिलेटरचे काम त्याच कामासाठी बनवलेले हार्डवेअर करत होते. खास चिप, खास बोर्ड. त्यात बाजारातल्या लॅन कार्डाचा प्रश्न फारसा यायचाच नाही. ३२ मेगाहर्ट्झची पट्टी घ्यायची, ठरलेली गणिते करायची. काम चोख, पण नवे काही करून बघायचे तर सोल्डरिंगपासून सुरुवात.

त्याच काळात नारायणगाव, मंचर, जुन्नरच्या बाजारपेठांत असेंबल्ड पीसी येत होते. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगाव संगणक केंद्रांच्या पाट्या लागल्या. २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. मोडेम संगणकाला जोडायला लॅन कार्ड लागे. रिअलटेकच्या ८१३९ चिपचे, शंभर मेगाबिटचे कार्ड कुठल्याही दुकानात मिळे आणि पांढऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये खोचले की चाले. न चालण्याचे कारणच नव्हते. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि साध्या पीसीआयची क्षमता १३३ मेगाबाइट. म्हणून आपल्याकडे समजूत पक्की झाली की कार्ड स्लॉटमध्ये बसले म्हणजे झाले. माझ्या मते लॅन कार्डाबद्दलचे आपले निम्मे अज्ञान त्या ८१३९ ने दिले. इतके समजूतदार कार्ड पुन्हा झाले नाही.

खोडदला ही समजूत चालणार नव्हती. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तिथे जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड उभा राहिला. जयंत रॉय, यशवंत गुप्ता, टोरोंटोचे उ-ली पेन, अमेरिकेतले जेफ्री पीटरसन, संजय कुडळे आणि जितेंद्र कोडिलकर यांनी २०१० मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कल्पना धाडसी होती. खास हार्डवेअर सोडायचे आणि बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर सगळे चालवायचे. संकेताचे आकडे करणारी, पीसीआयवर बसणारी एडीसी कार्डे, लिनक्सवर चालणारे ४८ संगणक, आणि त्यांच्यामध्ये दुहेरी गिगाबिट जोडणी.

दुहेरी का, याचे उत्तर कागद-पेन्सिलीने मिळते. ३३ मेगाहर्ट्झची पट्टी पकडायला सेकंदाला ६ कोटी ६० लाख नमुने लागतात. नमुना चार बिटांचा धरला, तर एका संकेताचे सेकंदाला ३३ मेगाबाइट होतात. असे चार संकेत एका संगणकात घ्यायचे म्हटले तर १३२. गिगाबिटच्या एका तारेतून, वरचा सगळा सरंजाम धरूनसुद्धा, १२५ मेगाबाइटच्या पुढे काही जात नाही. म्हणजे एक पोर्ट अगदी थोडक्यात अपुरे. आणि साधा पीसीआय स्लॉट वापरला असता, तर एडीसीनेच त्याची सगळी जागा खाल्ली असती. त्याच बसवर लॅन कार्ड टाकणे म्हणजे भरल्या एसटीत आणखी एक एसटी बसवणे.

आणखी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची. आकाश थांबत नाही. फाइल उतरवताना एखादे पाकीट हरवले तर संगणक ते पुन्हा मागतो, आपल्याला कळतही नाही. दुर्बिणीचा संकेत पुन्हा मागता येत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत होते, त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत खोडदने थेट ऐकला. उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो तुटला. नंतर कळले की यान आदळले होते. अशा वेळी कार्डाने दोन-चारशे पाकिटे गाळली असती, तर ती कुणाकडे मागणार?

पाकिटे गळतात कशी, तेही बघण्यासारखे आहे. नेहमीचे पाकीट १५०० बाइटचे. गिगाबिट तार पूर्ण भरली तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पाकिटे येतात. प्रत्येकाला प्रोसेसरने उठून हात द्यायचा ठरवले, तर गणित करायला प्रोसेसर उरतच नाही. म्हणून पाकिटे ९००० बाइटची करतात, त्यांना जंबो फ्रेम म्हणतात. संख्या चौदा हजारांच्या खाली येते. पण ही सोय कार्ड, ड्रायव्हर आणि स्विच अशा तिघांनाही मान्य असावी लागते. एकाने नाही म्हटले की सगळे अडते. चांगले कार्ड आणि स्वस्त कार्ड यांतला फरक खोक्यावरच्या वेगात नसतो. ताण आला की ते प्रोसेसरला किती त्रास देते, यात तो असतो.

पुढचा टप्पा अद्ययावत जीएमआरटीचा, म्हणजे यूजीएमआरटीचा. २०१७ पर्यंत त्याचे स्वरूप जाहीर झाले होते. पट्टी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली. सेकंदाला ८० कोटी नमुने, चार बिटांनीच मोजले तरी एका संकेताचे ३.२ गिगाबिट. गिगाबिट कार्ड एका झटक्यात मोडीत निघाले. आता एफपीजीए, म्हणजे हवी तशी घडवता येणारी चिप, असलेले रोच बोर्ड आकडे बनवून दहा गिगाबिटच्या तारांवर सोडतात, जीपीयू बसवलेले सर्व्हर ते उचलतात आणि सर्व्हर आपापसांत इन्फिनिबँड नावाच्या जलद जोडणीने बोलतात.

इथे सुसंगतीचा खरा पेच सुरू होतो. दहा गिगाबिटचे सेकंदाला १२५० मेगाबाइट. पीसीआयची जागा घेणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसची पहिल्या पिढीतली एक लेन २५० मेगाबाइट देते, म्हणजे चार लेन पुरत नाहीत, आठ लागतात. जीपीयू आपल्या सोळा लेन मागतो, इन्फिनिबँड कार्ड त्याच्या आठ. दोन प्रोसेसरचा सर्व्हर असेल, तर कुठला स्लॉट कुठल्या प्रोसेसरच्या ताब्यात आहे हे बघावे लागते, नाहीतर आकडे एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे चकरा मारतात. शिवाय तोंड जुळले पाहिजे. पहिल्या पिढीच्या रोच बोर्डांवर सीएक्स४ प्रकारची जाड तांब्याची जोडणी होती, नंतरच्यांवर एसएफपी प्लस आली. वेग तोच, पण तोंड वेगळे.

वायरलेस का नाही, हा प्रश्न खोडदला विचारला तर लोक हसतील. दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधले आकाश ऐकते. मुळात ही जागा निवडण्यामागे डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटापासूनचे अंतर ही कारणे होती. यूजीएमआरटीची एक पट्टी ८५० ला संपते, दुसरी १०५० ला सुरू होते, आणि मधल्या जागेत ९०० चा मोबाइल बोलत असतो. संगणकाचा पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, तांब्याची लॅन केबल, सगळेच थोडाफार गोंगाट करतात, म्हणून ही यंत्रे धातूच्या आवरणाच्या खोलीत ठेवलेली असतात. फायबरला हा दोष नाही. त्यातून वीजही वाहत नाही. वळवाच्या पावसात विजा कशा कोसळतात हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या शेडपर्यंत नेट न्यायचे असेल, तर तांब्याऐवजी फायबर टाका. वीज पडली तरी तिचा झटका त्या जोडणीतून एका कार्डाकडून दुसऱ्यापर्यंत जात नाही.

हा सगळा हिशेब घरच्या यंत्रालाही लागू पडतो. अडीच गिगाबिटच्या कार्डाला सेकंदाला ३१२ मेगाबाइट लागतात, म्हणजे पहिल्या पिढीच्या एका लेनवर त्याचा श्वास कोंडतो, दुसऱ्या पिढीच्या लेनवर ते सुखाने चालते. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा आणि आतून चारच तारांचा, हे सर्रास असते. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा रूट अधिकाराने, -vv जोडून दिली, तर कार्ड प्रत्यक्षात किती लेनवर बोलते आहे ते तिथेच लिहून येते. रिअलटेकच्या ८१२५ चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून आत आहे, त्याआधीची प्रणाली असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकल्याशिवाय कार्ड चालणार नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेली दहा गिगाबिटची कार्डे ऑनलाइन स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. घ्यावीतही, पण त्यांना सर्व्हरच्या पंख्यांचा वारा लागतो, आणि काही कार्डे दुसऱ्या कंपनीचे एसएफपी मॉड्यूल स्वीकारत नाहीत. केबलचेही बघा. कॅट ५ई वर अडीच गिगाबिट शंभर मीटर जाते, दहा गिगाबिटला तेवढ्या अंतरासाठी कॅट ६ए हवी.

आणि मुळात लागते का, हेही विचारावे. घरातले फायबर कनेक्शन शंभर-दोनशे मेगाबिटचे आणि मदरबोर्डवर गिगाबिट पोर्ट आधीच असेल, तर वेगळे कार्ड घेणे ही निव्वळ हौस. दोन संगणकांत मोठे व्हिडिओ सारखे हलवत असाल, तर अडीच गिगाबिट घ्या. त्यापुढे जायचे असेल, तर कार्डाआधी मदरबोर्डचे मॅन्युअल उघडा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला प्रदर्शन भरते आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांची तिथे गर्दी असते. जाल तेव्हा मोबाइल बंद ठेवा, तबकड्या बघून झाल्या की संगणकांवर काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याला गाठा आणि नेटवर्क कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसवले आणि का, एवढे विचारा.